रुमाल टाकलेली सीट आणि ॲरिस्टॉटल : विद्यार्थ्यांसाठी नीतिविचाराची वही

संध्याकाळी बेळगावच्या बसस्टँडवर खानापूरची गाडी लागते, तेव्हा ती पुरती थांबायच्या आधीच खिडक्यांतून दप्तरं, रुमाल, पाण्याच्या बाटल्या आत पडायला लागतात. दाराशी रेटारेटी चालू असते. बाजारातली पाटी रिकामी करून गावाकडं निघालेली एखादी आजी कशीबशी वर चढते, रिकाम्या सीटकडं जाते आणि बघते तर तिथं रुमाल.

माझ्याकडं शिकवणीला येणाऱ्या सेकंड पीयूच्या, म्हणजे बारावीच्या, एका मुलीनं एकदा विचारलं, "मॅडम, ॲरिस्टॉटल पुस्तकात वाचायला बरा आहे. पण संध्याकाळच्या गाडीत जागा धरायची की नाही, हे तो सांगतो काय?" प्राचीन ग्रीसच्या त्या तत्त्वज्ञाला बसबद्दल विचारलेलं ऐकून बाकीची पोरं हसली. मला मात्र वाटलं, इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही एक वही सुरू केली. पुढं बेळगाव शहरातली, खानापूर तालुक्यातली, निपाणीकडची मुलं येत गेली आणि प्रत्येकानं आपापली वही केली. ती कशी ठेवायची, तिच्यात काय लिहायचं आणि कुठं अडायला होतं, ते इथं सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे. सिनेमातल्या, मालिकेतल्या माणसाला आपण बसल्या जागी तोलत असतो. तोच तराजू स्वतःकडं वळवायची सवय लावता येते, आणि ती लिहिल्याशिवाय लागत नाही.

तयारी

शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका. वहीत निम्म्या नोंदी मोबाईलबद्दलच असणार आहेत, आणि तोच हातात घेऊन बसलात तर दहा मिनिटांत रील सुरू होतं, हे मी दरवर्षी बघते. रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं पुरेत. डाव्या पानावर घडलेलं, उजव्या पानावर त्यावरचा विचार.

वही कुणाला दाखवायची सक्ती नको. पालक हे वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती, मुलाची वही उघडू नका. आपलं कुणी वाचणार आहे असं वाटलं की मूल स्वतःला शोभेल तेवढंच लिहायला लागतं, आणि मग सगळाच खटाटोप वाया जातो.

पहिली पायरी : घटना लिहा, शेरा लिहू नका

एपिक्टेटस हा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ. जन्मानं गुलाम. त्याची शिकवण एरियन नावाच्या त्याच्या शिष्यानं लिहून ठेवली. तिच्यात एक साधी सूचना आहे. कुणी घाईघाईनं अंघोळ करत असेल तर तो वाईट अंघोळ करतो असं म्हणू नका, घाईनं करतो एवढंच म्हणा. त्याचं कारण ठाऊक नसताना वाईट कशावरून ठरवलंत?

हे वाचून झाल्यावर मी मुलांना आदल्या दिवशीची नोंद काढायला सांगते. एका मुलानं लिहिलं होतं : "त्यानं मला मुद्दाम डावललं. माज आलाय त्याला." शेरे खोडून पुन्हा लिही म्हटल्यावर त्यानं लिहिलं : "तो कँटीनसमोरून गेला. माझ्याकडं बघितलं नाही. बरोबर त्याचे वडील होते." तिसरं वाक्य पहिल्या वेळी त्याला आठवलंच नव्हतं. स्वतःच्याच अक्षराकडं तो बराच वेळ बघत बसला.

बसचंही तसंच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून "फुकट जाणाऱ्या बायकांमुळं पास काढूनही उभं राहावं लागतं" हे वाक्य मुलांच्या वह्यांत सतत येतं. त्यातला शेरा काढला की उरतं ते असं : "गाडी भरली होती. मी मच्छेपर्यंत उभा होतो. शेजारी एक बाई उभ्या होत्या, त्यांच्या हातात डब्याची पिशवी होती." बाई कामावरून परतत होत्या हे आता दिसतं. गाड्या कमी आहेत ही तक्रार खरी आहे आणि ती करायलाच हवी, पण ती डेपोकडं करायची. डब्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडं बघून नाक मुरडण्यानं गाडी वाढत नाही.

पहिला आठवडा फक्त एवढंच करा. उजवं पान कोरं राहिलं तरी चालेल.

दुसरी पायरी : आधी पडद्यावरचा माणूस

स्वतःबद्दल खरं लिहायला पेन अडतं. म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून, तीही अशा दुसऱ्यापासून की ज्याला आपल्या बोलण्यानं दुखणार नाही.

मनोरंजनानं माणूस बिघडतो की सुधारतो, हा वाद जवळजवळ चोवीसशे वर्षांचा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात काळजी व्यक्त केली आहे की, जो आक्रोश स्वतःच्या घरात करायला आपल्याला लाज वाटेल, तोच रंगमंचावर बघताना आपण वाहवा करतो. अशानं मनातला तो भाग पोसला जातो आणि पुढं आवरत नाही. त्याच्याच अकादमी या विद्यापीठात वीस वर्षं काढलेल्या ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. तो म्हणाला, शोकांतिका बघताना भीती आणि करुणा जागी होते आणि त्या भावनांचा निचराही होतो. आणि जिच्यामुळं आपण हलतो ती व्यक्ती पुरती देवमाणूस नसते, पुरती दुष्टही नसते. आपल्यासारखीच असते, आणि तिच्या हातून काहीतरी चुकतं. त्यानं वापरलेला ‘हॅमार्शिया’ हा शब्द बाण निशाण्यावरून हुकण्यासाठी वापरला जाणाऱ्या शब्दाशी जोडलेला आहे.

मला स्वतःला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. म्हणून मी मुलांना बघू नका असं कधी सांगत नाही. दोनदा बघा म्हणते.

हा प्रयोग घरी करून बघा. आवडत्या सिनेमातला तीनेक मिनिटांचा प्रसंग घ्या, नायकाचा प्रवेश असेल तर उत्तमच. एकदा आवाजासकट बघा. मग आवाज पूर्ण बंद करून तोच प्रसंग परत बघा आणि डाव्या पानावर फक्त हालचाली लिहा. आम्ही वर्गात केलं तेव्हा फळ्यावर असं उतरलं : "तो येतो. एकाच्या कानाखाली मारतो. दुसऱ्याला टेबलावर आपटतो. मग एका मुलीच्या वाटेत उभा राहतो. ती डावीकडून जायला बघते. तो हलत नाही. ती उजवीकडून जायला बघते. तो हलत नाही. तिच्या हातातली वही ओढून घेतो. हसतो." पहिल्या वेळी याच प्रसंगावर शिट्ट्या पडल्या होत्या. आता कुणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "खडे बाजारात कुणी असं केलं तर मी ओरडेन की, मॅडम." मग उजव्या पानावर तीन प्रश्न लिहिले. त्याला काय हवं होतं? ते मिळवायला त्यानं कुणाला वापरलं? आणि त्याची किंमत कुणी मोजली? पार्श्वसंगीतानं आपल्याकडून किती गोष्टी मंजूर करून घेतल्या होत्या, ते मुलांनी स्वतःच शोधून काढलं. मला काही सांगावं लागलं नाही.

मग कर्णाकडं या. महाभारतातलं आवडतं माणूस कोण असं विचारलं की आमच्याकडं बहुतेक हात कर्णासाठी वर जातात, आणि कारण एकच : मैत्री. हे कारण हलकं नाही. भर रंगभूमीवर त्याच्या कुळावरून त्याचा अपमान झाला, तेव्हा दुर्योधनानं त्याला अंगदेशाचं राज्य दिलं. ते ऋण खरंच होतं.

पण ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाचे दोन पूर्ण भाग मैत्रीला दिले आहेत. त्यात तो मैत्री तीन तऱ्हेची सांगतो : उपयोगाची, मजेची, आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. पहिल्या दोन वाईट नाहीत. उपयोग संपला, मजा संपली की त्या विरतात, इतकंच. तिसरीत मित्र मित्राचं भलं मित्रासाठीच इच्छितो. आता द्यूतसभा आठवा. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा कर्ण तिच्याबद्दल काय बोलला ते आठवा. आणि पुढं उद्योगपर्वात, कृष्ण त्याला पांडवांच्या बाजूला बोलावतो तेव्हा हाच कर्ण कबूल करतो की, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे कठोर बोललो त्याचा मला पश्चात्ताप होतो.

इथं मी मुलांना पाच मिनिटं गप्प बसवते आणि मग एकच प्रश्न लिहायला सांगते. आपल्या गँगमध्ये कुणाला बरं वाटावं म्हणून आपण असं काय बोलतो, जे एकटे असताना बोललो नसतो? एका मुलानं त्या रात्री लिहिलं की वर्गातल्या अडखळत बोलणाऱ्या मुलाची नक्कल तो रोज डबा खाताना करतो, कारण दोघं जण हसतात. ही नोंद त्यानं मला आपणहून दाखवली. कर्णाविषयी बोलता बोलता तो स्वतःपर्यंत येऊन पोचला होता. या पायरीला दोन आठवडे द्या. घाई करू नका.

तिसरी पायरी : एका प्रसंगाला तीन प्रश्न

आता त्या मुलीची सीट घेऊ. कुठल्याही प्रसंगाला हे तीन प्रश्न विचारता येतात, पण जागा धरण्याइतका सोपा आणि खोल प्रसंग मला दुसरा सापडलेला नाही.

पहिला प्रश्न कांटचा. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं १७८५ साली एक कसोटी मांडली. मी ज्या नियमानं वागतो आहे तो सगळ्यांचाच नियम झाला, तर चालेल का? त्याचं स्वतःचं उदाहरण खोट्या वचनाचं आहे. परत द्यायचे नाहीत हे ठाऊक असताना ‘देतो’ म्हणून पैसे उसने घेणं. सगळेच असं करायला लागले तर वचनावर कुणाचा विश्वास राहणार नाही, आणि मग खोटं वचन देऊन पैसे मिळवणंही शक्य होणार नाही. हे रुमालाला लावून बघा. रुमालानं जागा राहते ती कशामुळं? बाकीचे त्या रुमालाला मान देतात म्हणून. ती आजी रुमाल उचलून खाली टाकत नाही म्हणून. सगळ्यांनीच रुमाल टाकले तर रुमालाला अर्थ उरणार नाही, खिडकीशी हाणामारी होईल. म्हणजे जागा धरणारा इतरांच्या सभ्यपणावर जगतो आणि तो सभ्यपणा स्वतः पाळत नाही. हे वर्गात उलगडलं तेव्हा तीच मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे मी आजीचा चांगुलपणा वापरला." कांटची दुसरी कसोटी तिनं न वाचताच सांगितली होती. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, अशी ती कसोटी आहे.

दुसरा प्रश्न मिलचा. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं १८६१ मध्ये उपयुक्ततावादावर लेख लिहिले, ते १८६३ मध्ये पुस्तकरूपानं आले. त्याआधी हा विचार बेंथम या इंग्लिश विचारवंतानं मांडला होता. ज्यानं सगळ्यांचं मिळून सुख जास्तीत जास्त होईल ते करावं, आणि मोजताना प्रत्येकाला एकच धरावं. माझं सुख माझं आहे म्हणून त्याचं वजन जास्त नाही. इथं मुलं बहुधा एक चूक करतात. मोजणीत ओळखीचीच माणसं घेतात : मी, माझी मैत्रीण, तिचं दप्तर. म्हणून उजव्या पानावर आधी नुसती यादी करा, या निर्णयाचा परिणाम कुणाकुणावर होतो याची. आजी. तिच्या मागं उभी असलेली, कडेवर पोर घेतलेली बाई. दिवसभर कॉलेज करून दमलेली मी. माझा दमही मोजायचा बरं का, तो शून्य धरू नका. मुली स्वतःला शून्य धरतात, हे मी फार बघितलं आहे, आणि ते मिलच्या हिशोबातही बसत नाही.

तिसरा ॲरिस्टॉटलचा, आणि माझ्या मते विद्यार्थीदशेत सगळ्यांत कामाचा. हे रोज करून मी कोण होत चाललोय? तो म्हणतो, वीणा वाजवून वीणावादक होतो, तसं न्यायाची कामं करून माणूस न्यायी होतो. आपल्याकडं तुकोबांनी हेच म्हटलं आहे : "असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे ॥" फक्त अभ्यास वाईटाचाही होतो. वर्षाला दोनशे वेळा खिडकीतून रुमाल टाकणारा हात पुढं रेशनच्या, दवाखान्याच्या रांगेतही तसाच पुढं जातो.

तिघांची उत्तरं जुळली तर प्रश्न नाही. पण जुळत नाहीत तेव्हा काय करायचं? समजा वडील आजारी आहेत आणि ‘परीक्षेचं काय झालं’ विचारतात, आणि एक विषय गेला आहे. मिल म्हणेल, आज नको सांगू. कांट तर १७९७ च्या एका लेखात, जीव घ्यायला आलेल्याशीही खोटं बोलू नये, इथपर्यंत जातो. मला तो लेख कधीच पुरता पटला नाही. अशा वेळी मी धर्मराजाकडं वळते. द्रोणांनी विचारलं तेव्हा तो ‘अश्वत्थामा मेला’ असं मोठ्यानं आणि ‘हत्ती’ हे हळू म्हणाला. युद्ध जिंकायला ते उपयोगी पडलं. पण महाभारत तिथंच सांगतं की, जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. निर्णय घ्यावा लागला तरी त्याची किंमत पुसून टाकलेली नाही. वहीतही तसंच करा. आज बाबांना सांगितलं नाही असं ठरवलंत, तर त्याखाली लिहा : काय गमावलं, आणि कधी सांगणार. तारीख घाला.

चौथी पायरी : अंगठी

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकॉन नावाचं पात्र एक गोष्ट सांगतं. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला एक अंगठी सापडते. खडा आतल्या बाजूला फिरवला की तो अदृश्य होतो. मग तो राजवाड्यात शिरतो, राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकॉनचा प्रश्न असा : अशी अंगठी मिळाली तर नीतीनं वागणारा एक तरी माणूस उरेल का?

आजच्या मुलाला ही अंगठी चौदाव्या वर्षी मिळते. खोट्या नावाचं अकाउंट हीच ती. वहीच्या एका पानावर वर ‘अंगठी’ असं लिहा आणि खाली, कुणी बघत नाही म्हणून आपण जे करतो, त्यातली एकच गोष्ट लिहा. एखाद्या नटीच्या फोटोखाली टाकलेली घाण कमेंट असेल, हरलेल्या खेळाडूच्या घरच्यांना दिलेली शिवी असेल.

आमच्या भागात याच्या जोडीला आणखी एक आहे, आणि त्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. भाषेवरून कुठं खुट्ट झालं की व्हिडिओ फिरायला लागतात. मराठी बाजूचे वेगळे, कन्नड बाजूचे वेगळे. काही वर्षांपूर्वी असाच एक व्हिडिओ रागाच्या भरात मी पुढं पाठवला. दुसऱ्या दिवशी कळलं की तो जुना होता आणि आमच्या जिल्ह्यातला नव्हताच. तोवर तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर जाऊन पडला होता. त्या ग्रुपमध्ये माझ्या शेजारीण होत्या, कन्नड बोलणाऱ्या, दर युगादीला (पाडव्याला) न चुकता होळगी, म्हणजे पुरणपोळी, पाठवणाऱ्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली, तेव्हा त्यांनी "होगली बिडी", म्हणजे ‘जाऊ द्या’, म्हणून चहा टाकला. पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत जे बघितलं ते मी विसरलेले नाही.

म्हणून हा नियम मी स्वतःसाठीही केला आहे. पाठवायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या : हे कधीचं आहे, कुठलं आहे, कुणी काढलं आहे. एकाचंही उत्तर नसेल तर बोट मागं घ्यायचं. तिन्ही उत्तरं मिळाली तरी आणखी एक : हे मी माझ्या नावानिशी, शेजाऱ्यांच्या देखत, गल्लीच्या फळ्यावर लिहीन का?

बाराव्या शतकातल्या बसवण्णांचं (बसवेश्वरांचं) एक वचन या भागातल्या कन्नड शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं : चोरी करू नको, हत्या करू नको, खोटं बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याची किळस करू नको, स्वतःची स्तुती करू नको, समोरच्याची निंदा करू नको, हीच अंतरंगाची शुद्धी, हीच बहिरंगाची शुद्धी. आतलं आणि बाहेरचं वेगळं ठेवायला त्यांनी जागाच ठेवली नाही. ग्लॉकॉनला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. तुमच्या कन्नड मित्राकडून ते मूळ शब्दांत म्हणून घ्या.

पाचवी पायरी : किती म्हणजे बरोबर?

ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग बऱ्याच जणांना ‘सगळं थोडं थोडं’ असा वाटतो. तसा तो नाही. त्यानं उदाहरण दिलं आहे पैलवानाचं, आणि आमच्याकडच्या तालमीतल्या कुठल्याही पोराला ते लगेच कळतं. एखाद्या खुराकाचं दहा माप जास्त होतं आणि दोन माप कमी पडतं, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा माप देत नाही. सहा माप हे मिलो या नामांकित पैलवानाला कमी पडेल आणि नवशिक्याला जड जाईल. मध्य हा माणसागणिक, वेळेगणिक शोधायचा असतो. धैर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये; पण बुजऱ्या मुलीचं धैर्य वर्गात हात वर करण्यात असेल, आणि सदा भांडणाऱ्या मुलाचं गप्प बसण्यात.

मग आपला मध्य शोधायचा कसा? तो सांगतो, आपला कल कुठं आहे ते बघा आणि उलट्या बाजूला ओढा, वाकलेली काठी सरळ करणारे करतात तसं. काठी नुसती मध्यावर आणून सोडली तर परत वाकते. रोज चार तास रील बघणाऱ्यानं ‘आता दोनच तास’ ठरवलं की आठ दिवसांत परत चार होतात, हे वह्यांत पुन्हा पुन्हा आलं आहे. त्यानं पंधरा दिवस अजिबात बघू नये, मग किती बघायचं ते ठरवावं. उलट काही मुलं अशीही येतात की सीईटीच्या धास्तीनं झोप, खेळ, सिनेमा सगळं सोडतात. त्यांना मी उलट्या बाजूला ओढते, संध्याकाळी मैदानावर पाठवते. अति खाणाऱ्याला योग नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, अति झोपणाऱ्याला नाही तसा जागत बसणाऱ्यालाही नाही, असं गीतेचा सहावा अध्याय सांगतोच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सगळ्यालाच मध्य नसतो. चोरीला योग्य प्रमाण नसतं, हे ॲरिस्टॉटलनं स्पष्ट लिहिलं आहे. ‘थोडीशीच कॉपी’, ‘फक्त रीडिंगच उतरवली’ यांना मध्यममार्ग म्हणता येत नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल मैत्रिणीचं बघून समजून घेणं वेगळं, आणि तिनं काढलेले आकडे आपण काढले म्हणून सही घेणं वेगळं. आपलं रीडिंग चुकलं असेल तर चुकलेलंच लिहा आणि का चुकलं ते खाली लिहा. त्यानं एखादा मार्क जाईल. तो जाऊ द्या.

सहावी पायरी : हातातलं आणि हाताबाहेरचं

ही थोडक्यात सांगते, कारण मुलं हिचा गैरवापर लवकर करतात. एपिक्टेटस म्हणतो, काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत. आपलं मत, आपली इच्छा, आपला प्रयत्न हातात. पैसा, नाव, लोकांचं बोलणं हाताबाहेर. स्नानगृहात जाण्याआधी तिथं पाणी उडेल, धक्के बसतील, शिव्या ऐकू येतील हे मनात आणून जा, असंही तो सांगतो. स्टँडवर जाण्याआधी दोन मिनिटं हेच करा, फरक पडतो.

निकालाच्या दिवसासाठी वहीत दोन रकाने करून ठेवा. पण पेपर तपासणीत चूक झाली असं वाटत असेल तर फेरतपासणीचा अर्ज हा ‘हातातलं’ या रकान्यात जातो. अन्याय गिळून बसणं एपिक्टेटसनं शिकवलेलं नाही. आणि कुणी मारतंय, अंगाला हात लावतंय, धमकावतंय, तर तो वहीचा विषयच नाही. घरातल्या, शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा, किंवा मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर फोन करा.

सातवी पायरी : चौघांत बसून

महिनाभर एकट्यानं लिहिल्यावर तीन-चार जण मिळवा. आठवड्यातून एकदा, देवळाच्या कट्ट्यावर, कुणाच्या गच्चीवर, कुठंही. प्रत्येकानं वहीतली एक नोंद, वाचायची इच्छा असेल तीच, वाचायची. नियम एकच. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि त्यानं ‘होय, हेच म्हणायचंय मला’ म्हटल्यावरच आपलं बोलायचं. सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात लोकांना प्रश्न विचारत हिंडायचा, तो असाच समोरच्याच्या तोंडून त्याचं मत आधी पुरतं काढून घ्यायचा.

चौघांत एक तरी कन्नड माध्यमाचा असू द्या. आमच्या कट्ट्यावर एकदा एका मुलानं ‘न्याय’ म्हणजे काय हे मराठीत सांगायचा प्रयत्न केला, आणि समोरचा म्हणाला, "आमच्यातही न्यायच म्हणतात." मग त्यांनी यादीच केली : नीती, न्याय, धर्म, सत्य, कर्तव्य. दोन्ही भाषांत तेच शब्द. अर्थाच्या छटांवरून मग तासभर वाद झाला, आणि तो वाद मी ऐकलेल्या उत्तम वादांपैकी होता.

इथं एक धोका आहे. काही मुलं ही वही दुसऱ्यांना तोलायला वापरतात. आईचं चुकलं, सरांचं चुकलं, मैत्रिणीचं चुकलं, पानंच्या पानं. तसं झालं की आठवडाभर परत पडद्यावरच्या माणसाकडं जा, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘मी असते तर’ हे तीन शब्द लिहून पुढचं वाक्य पुरं करा.

ज्या मुलीनं तो प्रश्न विचारला होता तिनं तिच्या वहीतलं एक पान मला वाचून दाखवलं होतं. तिच्या परवानगीनं इथं देते : "आज रुमाल टाकला नाही. आत गेले तेव्हा जागा नव्हती. पिरनवाडीपर्यंत पाय दुखले. आजी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी माझं दप्तर मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. उद्या काय करेन माहीत नाही. उद्या प्रॅक्टिकल आहे, उशीर होणार."